बालकांच्या अल्पपोषणातील प्रादेशिक भेद : काही ऐतिहासिक निरीक्षणे

१

भारतातील लहान मुलांच्या अल्पपोषणाविषयी जे काही लिहिले जाते त्यात प्रांताप्रांतांमधील तफावतीचा उल्लेख सहसा आल्यावाचून राहत नाही. कोणते राज्य वरच्या पायरीवर आहे आणि कोणते खालच्या, याची एक क्रमवारी दिली जाते आणि विवेचन बहुधा तेथेच थांबते. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्याने समाधान मानता येत नाही. ही क्रमवारी केव्हापासूनची आहे, ती स्थिर राहिली की पालटली, आणि ज्या मोजपट्टीने ती ठरविली गेली ती मोजपट्टी स्वतः केव्हा व कोणत्या हेतूने तयार झाली, हे प्रश्न त्याला विचारावेच लागतात.

प्रस्तुत निबंधात तीन गोष्टी दाखविण्याचा प्रयत्न आहे. पहिली, प्रांतांची ही क्रमवारी गेल्या शंभर वर्षांत मोठ्या प्रमाणावर बदललेली आहे. दुसरी, तिच्यातील काही बदल प्रत्यक्ष मुलांच्या शरीरांत घडलेले आहेत, तर काही केवळ मोजणीच्या पद्धतीत, आणि या दोहोंची गल्लत झाल्यास निष्कर्ष फसतात. तिसरी, राज्याराज्यांमधील भेद असे चंचल असताना महाराष्ट्राच्या अंतर्भागातील काही भेद मात्र विलक्षण चिवट ठरलेले आहेत. यांपैकी पहिली गोष्ट वंश व हवामान यांवर भिस्त ठेवणाऱ्या उपपत्तीला छेद देते, आणि तिसरी गोष्ट केवळ राज्याच्या सरासरी उत्पन्नावर विसंबणाऱ्या उपपत्तीला.

आरंभी परिभाषा स्पष्ट करणे इष्ट होईल. वयाच्या मानाने उंची कमी असणे याला येथे 'खुरटलेपण' म्हटले आहे. दीर्घकाळच्या उणिवेची व वारंवार होणाऱ्या आजारांची ती खूण होय. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे 'कृशता'; ती नजीकच्या काळातील उपासमार किंवा आजार दर्शविते. वयाच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे 'वजनन्यूनता'. हिच्यात वरील दोन्ही मिसळलेल्या असतात. एखादा प्रदेश खुरटलेपणात सुधारलेला आणि कृशतेत बिघडलेला असू शकतो. म्हणून 'अमुक प्रदेश मागे आहे' हे विधान कोणत्या मापाने केले हे सांगितल्याखेरीज अपुरे राहते.

२

एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत बालकांचे पोषण हा स्वतंत्र विषय आढळत नाही. मूल तेथे येते ते दुष्काळी कामावरील मजुराचे अवलंबित म्हणून. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन व मद्रास इलाखा दुष्काळाने होरपळत असताना सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी ठरविली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी ती कष्टकऱ्याच्या देहाला पुरणारी नाही, अशी हरकत घेतली. हा वाद प्रौढांच्या शिध्याचा होता. तथापि माणसाला किती अन्न पुरे, हा प्रश्न भारतात शासकीय पातळीवर प्रथम एवढ्या उघडपणे भांडला गेला तो येथेच. 'कमीत कमी किती' असे विचारणारा एक पक्ष आणि 'त्याने शरीराचे काय होते' असे विचारणारा दुसरा पक्ष, ही त्या वादाची मांडणी पुढील शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा आढळते.

प्रांतवार तुलनेचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निलगिरीतील कुन्नूर येथे झाला. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तेथील प्रयोगशाळेत उंदरांचे गट करून त्यांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली व मद्रासी अशा निरनिराळ्या लोकांचे आहार खाऊ घातले. शीख आहारावरील उंदीर सर्वांत सुदृढ निपजले आणि मद्रासी आहारावरील सर्वांत खुजे. मराठा आहाराचा क्रमांक पठाणांच्या खालोखाल लागला. लष्करी भरतीच्या काळापासून रूढ असलेल्या 'लढाऊ जाती'च्या कल्पनेशी हा क्रम सहज जुळणारा होता. मॅकॅरिसन यांचा स्वतःचा रोख मात्र वंशावर नव्हता. गहू, दूध, डाळी व भाजीपाला यांनी युक्त आहार आणि सडलेल्या तांदळावर भिस्त असलेला आहार, यांतील फरकावर त्यांचे बोट होते. तरीही आहारांना लोकसमूहांची नावे दिल्यामुळे वाचणाऱ्यांच्या मनात एक नकाशा पक्का झाला. त्या नकाशात वायव्येकडील प्रांत सबळ होते आणि दक्षिण व पूर्व दुर्बळ.

१९३५ साली डॉ. वॉलेस ऐक्रॉइड कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि संशोधनाचा रोख उंदरांकडून मुलांकडे वळला. दक्षिणेतील खेड्यांतले आहार व शाळकरी मुलांची पोषणस्थिती यांच्या पाहण्या सुरू झाल्या. भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये देणारी त्यांची १९३७ ची पुस्तिका पुढे कित्येक वर्षे आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती होती. तथापि या पाहण्या बहुतांशी शाळकरी वयाच्या मुलांच्या होत्या. ज्या वयात वाढ खरोखर खुंटते, म्हणजे गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, ते वय अद्याप नोंदीच्या बाहेरच होते.

३

पाच वर्षांखालील बालक मोजपट्टीखाली आले ते स्वातंत्र्योत्तर काळात. मेक्सिकोतील गोमेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये वयानुसार वजनाच्या टक्केवारीवरून कुपोषणाच्या तीन श्रेणी सुचविल्या. त्यांचा मूळ हेतू रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांपैकी कोणाच्या जिवाला अधिक धोका आहे हे ओळखण्याचा होता. पुढे तीच पट्टी साऱ्या लोकसंख्येला लावण्यात आली. १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने चार श्रेणींची पद्धत स्वीकारली, आणि अंगणवाडीच्या तक्त्यांत तीच रूढ झाली. या पद्धतीत आधारमानाच्या ८० टक्क्यांपर्यंत वजन असलेले मूल सर्वसाधारण मानले जाई, आणि चिंतेचा विषय होई ती प्रायः तिसरी व चौथी श्रेणी. परिणामी अल्पपोषित बालकांचा फार मोठा समुदाय पहिल्या दोन श्रेणींत राहून गेला. हजेरीपटावर तो होता. कारवाईच्या यादीत नव्हता.

१९७२ हेच वर्ष राष्ट्रीय पोषण संनियंत्रण यंत्रणेच्या स्थापनेचे. तिच्या पाहण्या सुमारे दहा राज्यांपुरत्या असत. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, आंध्र प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, ओरिसा, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश ही ती राज्ये होत. बिहार व राजस्थान त्यांत नव्हते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या राज्यांच्या ग्रामीण भागात पाच वर्षांखालील मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मुले तत्कालीन आंतरराष्ट्रीय आधारमानाने खुरटलेली आढळली. एवढ्या सार्वत्रिक उणिवेत प्रादेशिक भेद झाकोळून जावेत, हे स्वाभाविक होते.

याच सुमारास एक महत्त्वाचा वाद पेटला आणि त्याचे एक केंद्र पुणे होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची व्याप्ती ठरविताना दरडोई २२५० उष्मांकांची मर्यादा घेतली होती. जागतिक अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ काम केलेले, सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज व सेवन दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत त्याशी जुळवून घेते; म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला अल्पपोषित म्हणणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. संख्याशास्त्राचा मुद्दा म्हणून त्यात तथ्य होते. परंतु १९८० च्या सुमारास डेव्हिड सेक्लर यांनी या विचाराला पुढचे टोक दिले. मध्यम प्रमाणात खुरटलेली मुले 'लहान पण निरोगी' होत, असे त्यांनी मांडले. सी. गोपालन यांनी याला कठोर विरोध केला. खुरटलेपण हा यशस्वी जुळवून घेण्याचा पुरावा मानणे म्हणजे अभावाची किंमत मुलाने आपल्या देहाने चुकविली हे विसरणे होय, आणि खुरटलेली मुलगी पुढे आई झाली की ती किंमत तिच्या अपत्याकडे जाते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

पुणे परिसरातील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासाने या दुसऱ्या मुद्द्याला बळकटी आणली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते. ही बालके लांबीने व स्नायूंनी लहान असूनही त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने टिकून होता. शरीराने जुळवून घेतले होते हे खरे. मात्र पुढील आयुष्यात मधुमेहासारख्या विकारांचा धोका अशा देहाला अधिक असतो, असे या संशोधनातून पुढे आले.

मोजपट्टीच्या इतिहासातील निर्णायक टप्पा २००६ चा. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील अशा मुलांची मापे घेतली की ज्यांना स्तनपान, आरोग्यसेवा व सुस्थिती लाभली होती. भारतातील केंद्र दिल्ली हे होते. पाच वर्षांपर्यंत या सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळजवळ सारख्याच गतीने वाढते, असे आढळले. भारतीय मुले मुळातच आखूड असतात, हा आक्षेप २०१३ च्या सुमारास अरविंद पनगढिया यांनी पुन्हा मांडला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. परंतु या आक्षेपाची सर्वांत चांगली परीक्षा प्रादेशिक इतिहासातच होते. जे गुणसूत्रांत आहे ते पंधरावीस वर्षांत बदलत नाही.

४

१९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सुरू झाली आणि राज्यांची तुलना प्रथमच विस्तृत नमुन्यावर करता येऊ लागली. तिच्या पहिल्या पाच फेऱ्या १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ व २०१९-२१ अशा आहेत. या फेऱ्यांचे आकडे एकापुढे एक मांडण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे. पहिल्या फेरीत चार वर्षांखालील मुले मोजली गेली, दुसरीत तीन वर्षांखालील आणि तिसरीपासून पाच वर्षांखालील. पहिल्या फेरीत तामिळनाडू, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल व हिमाचल प्रदेश या राज्यांत मुलांची उंचीच घेतली गेली नाही. पहिल्या दोन फेऱ्यांचे मूळ अहवाल अमेरिकी आधारमानावर बेतलेले आहेत आणि नंतरचे २००६ च्या नव्या प्रमाणावर. शिवाय २००० मध्ये बिहार, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश विभागले गेले. म्हणून १९९८-९९ चा बिहार आणि २००५-०६ चा बिहार हे भूगोलाच्या दृष्टीने एक नव्हेत. एकाच फेरीतील राज्यांची परस्पर तुलना निर्धोक आहे. फेऱ्याफेऱ्यांमधील तुलना २००५-०६ पासून पुढे अधिक विश्वसनीय आहे.

ही सावधगिरी बाळगूनही मॅकॅरिसन यांच्या नकाशाचे काय झाले ते स्पष्ट दिसते. १९९८-९९ मध्ये तीन वर्षांखालील मुलांतील खुरटलेपण केरळात सुमारे २२ टक्के, तामिळनाडूत २९ टक्के आणि पंजाबात ३९ टक्के होते. गहू, दूध व तूप यांचा प्रदेश भात खाणाऱ्या दक्षिणेच्या मागे पडला होता. २००५-०६ मध्ये नव्या प्रमाणाने हे आकडे अनुक्रमे २४.५, ३०.९ व ३६.७ असे होते. २०१९-२१ मध्ये ते २३.४, २५.० व २४.५ झाले. म्हणजे पंजाबने ही तफावत जवळजवळ भरून काढली. जेथे एका शतकात क्रम उलटतो आणि पुढे दीड दशकात तिन्ही प्रांत एका रेषेत येतात, तेथे वंश किंवा हवामान हे कारण म्हणून पुढे करता येत नाही.

दक्षिणेने काय केले, याची उत्तरे दोन्ही राज्यांत वेगवेगळी आहेत. केरळमध्ये शाळा, स्त्रीशिक्षण, जमीनसुधारणा, गावोगावची आरोग्य केंद्रे व स्वस्त धान्याची दुकाने हे सारे एकमेकांस पूरक ठरले. १९७५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या अभ्यासात उत्पन्न व उष्मांक कमी असूनही तेथील मृत्युमान कमी असल्याचे दाखवून दिले, आणि हा प्रश्न जगापुढे आला. तामिळनाडूचा मार्ग अधिक शासकीय होता. १९५६ पासून कामराज यांच्या कारकिर्दीत शाळांतील दुपारचे भोजन विस्तारले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते दोन वर्षांवरील बालकांपर्यंत नेले. त्याआधी १९८० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक पोषण प्रकल्पात सहा ते छत्तीस महिने वयाच्या मुलांचे दरमहा वजन घेऊन, ज्याची वाढ अडखळली त्यालाच ठराविक मुदतीपुरता पूरक आहार देण्याची पद्धत होती. ही योजना लहान वयावर रोखलेली होती, आणि तिचे खरे महत्त्व तेथेच आहे.

उत्तरेकडील व मध्य भारतातील राज्यांचे आकडेही स्थिर राहिलेले नाहीत. बिहारमध्ये खुरटलेपण २००५-०६ च्या ५५.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ४२.९ टक्क्यांवर आले. मध्य प्रदेशातील वजनन्यूनता ६० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर उतरली. उलट गुजरात हे उद्योगसंपन्न राज्य असूनही तेथील वजनन्यूनता ४४.६ टक्क्यांवरून ३९.७ टक्क्यांवर, म्हणजे अगदी मंद गतीने खाली आली. समृद्धी व पोषण यांचे नाते आहेच. पण ते सरळ रेषेचे नाही.

५

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राची स्थिती विचारात घेण्याजोगी आहे. पाच वर्षांखालील मुलांतील वजनन्यूनता येथे २००५-०६ मध्ये ३७.० टक्के, २०१५-१६ मध्ये ३६.० टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के होती. म्हणजे पंधरा वर्षांत ती जागची हलली नाही. २००५-०६ मध्ये आपल्यापेक्षा तेवीस टक्क्यांनी मागे असलेला मध्य प्रदेश या मापात महाराष्ट्राच्या पुढे निघून गेला. खुरटलेपण ४६.३ वरून ३४.४ वर आले आणि मग ३५.२ वर थबकले. कृशता मात्र १६.५ वरून २५.६ वर चढली आणि तेथेच राहिली.

मध्यंतरी एक आशादायक टप्पा येऊन गेला. औरंगाबाद विभागातील प्रयोगांच्या अनुभवावरून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राज्यव्यापी पाहणीत दोन वर्षांखालील मुलांतील खुरटलेपण एक तृतीयांशाहून अधिक होते ते सुमारे एक चतुर्थांशावर आल्याचे दिसले. या यशाचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. तथापि दोन वर्षांखालील मुलांचा आकडा पाच वर्षांखालील मुलांच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. खुरटलेपण पहिल्या दोन वर्षांत साचत जाते. म्हणून केवळ त्याच वयाच्या मुलांत त्याचे प्रमाण कमीच दिसते. २०१२ ची घट खरी होती, परंतु तिच्यावरून प्रश्न सुटत आल्याचा जो समज झाला तो पुढील दोन फेऱ्यांनी टिकू दिला नाही.

राज्याच्या सरासरीखाली जो भूगोल दडलेला आहे त्याकडे आता वळू. १९३५ च्या कायद्यान्वये १९३६ मध्ये 'अंशतः वगळलेल्या प्रदेशां'ची यादी प्रसिद्ध झाली. मुंबई प्रांतातील त्या यादीत पश्चिम खानदेशातील नंदुरबार, शहादा व तळोदा हे तालुके, नवापूर पेटा व अक्राणी महाल, नाशिक जिल्ह्यातील कळवण व पेठ, आणि ठाणे जिल्ह्यातील डहाणू, शहापूर व मोखाडा ही नावे आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या यादीत मेळघाट तालुका आणि चांदा जिल्ह्यातील अहेरी व गडचिरोलीकडील जमीनदाऱ्या आहेत. त्यानंतर स्वातंत्र्य आले, भाषिक राज्य झाले, १९९८ मध्ये नंदुरबार आणि २०१४ मध्ये पालघर हे नवे जिल्हे झाले. परंतु गेल्या तीन दशकांत बालमृत्यू व कुपोषण यांच्या बातम्या ज्या गावांतून आल्या ती गावे बहुतांशी या यादीतील किंवा तिच्या सीमेवरची आहेत. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे चर्चेत आलेला जव्हार तालुका यादीत नाही, तो केवळ त्या काळी संस्थान होता म्हणून. नंदुरबार जिल्ह्यात २०१५-१६ व २०१९-२१ या दोन्ही फेऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले.

हे साम्य योगायोगाचे म्हणता येत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला या प्रदेशांविषयी जो अहवाल दिला त्यात सावकारी, वेठ, जंगलावरील हक्कांचा संकोच आणि जमिनीचे हस्तांतर यांचे चित्र आले आहे. ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी वर्षानुवर्षे राबणारा 'लग्नगडी' हे त्याचेच एक रूप. १९४५ पासून गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या वारली चळवळीने वेठ व लग्नगडी या प्रथांवर घाव घातला. पण प्रथा मोडली तरी उपजीविकेचे सामर्थ्य आपोआप परत आले नाही. नागली-वरईची किंवा कोदो-कुटकीची कोरडवाहू शेती चार-सहा महिने पुरते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर व इतर कामांवर बाहेर पडतात. पावसाळ्यात परत येतात तेव्हा घरातील धान्य सरत आलेले असते, शेतीच्या कामाचा ताण असतो, आणि हिवताप व अतिसार यांचा तोच हंगाम असतो. स्थलांतराच्या काळात मूल एका अंगणवाडीच्या पटावरून उतरते आणि दुसऱ्या पटावर चढत नाही. कृशतेचे जे प्रमाण राज्यात चढते राहिले, त्याची या प्रदेशातील उकल या वार्षिक चक्राकडे पाहिल्याशिवाय होणार नाही.

शासन येथे स्वस्थ बसले नव्हते, हेही नोंदविले पाहिजे. १९७२-७३ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे व सुकडीचे वाटप यांमुळे राज्याने मोठा मृत्युसंहार टाळला, आणि ही कामगिरी इतिहासात मान्य झालेली आहे. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आणि २०१५ मध्ये गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू झाली. २००१ मधील 'कोवळी पानगळ' या अहवालाने आणि त्यानंतर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, राज्यातील बालमृत्यू सरकारी नोंदींत कितीतरी कमी दिसतात, हे दाखवून दिले. दुष्काळाचा सामना आणि बारमाही उणिवेचा सामना या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलीत महाराष्ट्र प्रवीण झाला. दुसरीत त्याच्याजवळ योजना होत्या, पण त्या मोजणीच्या ज्या पट्टीवर उभ्या होत्या ती पट्टीच उणीव झाकणारी होती.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आदिवासी प्रदेशाची स्थिती सर्वांत वाईट आहे, यावरून अल्पपोषण हा केवळ त्या प्रदेशाचा प्रश्न आहे असे ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ९.४ टक्के होता. राज्यातील शंभर बालकांमागे छत्तीस बालके कमी वजनाची असतील, तर अनुसूचित जमातींतील एकूण एक बालक त्यांत धरले तरी छत्तीसांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक बालके उरतातच, आणि ती इतर समाजांतील, शहरांतील वस्त्यांतील व कोरडवाहू खेड्यांतील असतात. मेळघाट व नंदुरबार ही नावे वारंवार उच्चारल्याने एक उपकार झाला आणि एक अपकारही. तेथील दुःख दिसू लागले, आणि इतरत्रचे दृष्टीआड झाले.

६

या सर्व विवेचनावरून काय निष्पन्न होते? प्रांताप्रांतांतील भेद खरे आहेत, पण ते मातीत किंवा रक्तात रुजलेले नाहीत. पंजाब, तामिळनाडू व केरळ यांची शंभर वर्षांतील उलथापालथ आणि मध्य प्रदेशाची पंधरा वर्षांतील चाल ही त्याची साक्ष होय. दुसऱ्या बाजूस, १९३६ च्या एका प्रशासकीय यादीतील नावे एकविसाव्या शतकातील पोषणाच्या नकाशात पुन्हा भेटतात. जे भेद शाळा, दवाखाना, धान्याचे दुकान व मातेचे आरोग्य यांच्या अभावातून येतात ते एका पिढीत ओसरू शकतात. जे जमीन, जंगल व श्रम यांच्या जुन्या संबंधांतून येतात, ते केवळ आहार वाटून ओसरत नाहीत.

मोजपट्टीचा प्रश्नही याहून वेगळा काढता येत नाही. टेंपल यांचा एक पौंड, चार श्रेणींचा तक्ता आणि 'लहान पण निरोगी' ही उपपत्ती यांचा काळ व हेतू भिन्न आहेत. सुखात्मे यांच्यासारख्या विद्वानाच्या चिंतनाची तर या यादीशी बरोबरी करणेही अन्यायाचे होईल. तथापि प्रत्येक वेळी पट्टी खाली सरकली की उणीव कमी दिसते आणि शासनाचे दायित्व हलके होते, एवढे साम्य इतिहासाला नोंदवावे लागते. त्याचप्रमाणे वयोगट, आधारमान किंवा सीमा बदलल्याने झालेला फरक मुलांच्या देहात झालेला मानला, तर यशही खोटे ठरते आणि अपयशही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर स्त्रियांतील कृशता २००५-०६ मधील ३६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २१ टक्क्यांवर आली असताना बालकांचे वजन मात्र जागच्या जागी राहिले, या कोड्याचा विचार पुढील संशोधनात व्हावयास हवा. त्यासाठी जिल्ह्यापेक्षा लहान घटकांचा, हंगामांचा आणि स्थलांतराचा इतिहास तपासावा लागेल. पेटे, महाल व जमीनदाऱ्या यांची जुनी दप्तरे आणि आजच्या अंगणवाड्यांची वजनपत्रके एकत्र ठेवून वाचणारे अभ्यासक इतिहास विभागांतूनच पुढे यावयास हवेत. खुरटलेले मूल पाहणीच्या पत्रकात एक आकडा म्हणून येते. त्याच्या उंचीत मात्र त्याच्या आईचे बालपण आणि त्याच्या गावाची शंभर वर्षे मोजली गेलेली असतात.